मदत हवी आहे : मांद्र्याचं घर सांभाळणाऱ्याला किती द्यावेत?

नमस्कार. मी गोव्यात फोंड्याला राहते. मांद्र्यात आईच्या वाट्याला आलेलं कौलारू घर आहे, त्यातल्या दोन खोल्या २०२२ पासून पाहुण्यांना देतो. पर्यटन खात्याची नोंदणी आईच्या नावावर, बाकी सगळं शेजारचा मुलगा बघतो. आईला मावशी म्हणतो, लहानपणापासून आमच्याच घरात वावरलेला. सुरुवातीला "मावशी, पैसे कसले?" म्हणाला, तेव्हा आईने बळेच महिना ३,००० ठरवले. ते आजही ३,०००च आहेत. लिहितानाच लाज वाटतेय.

तेव्हा काम म्हणजे किल्ली देणं आणि चादरी बदलणं. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पाहुणे अपरात्री यायला लागले. गेल्या डिसेंबरात एक जोडपं रात्री अडीचला भलत्याच वाडीत जाऊन थांबलं, हा स्कूटर काढून त्यांना घेऊन आला. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची, सी फॉर्म म्हणतात तो, तोही हाच भरतो.

भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, १५ टक्के ठरव, विषय संपला. मी हिशेब मांडला. डिसेंबरात हातात ६२,००० आले, त्याचे होतात ९,३००. ठीक. जुलैत आले ७,०००, म्हणजे १,०५०. आणि जुलैतच तो जास्त खपतो! एकदा फोटो पाठवला होता : कपाटाच्या दाराला आतून पांढरी बुरशी, आणि दोन तास ऊन पडलं तेवढ्यात बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, खुर्च्यांवर वाळत टाकलेल्या गाद्या. शिवाय सरकलेली कौलं, बंद पडलेला पंप. पाहुणे नसले म्हणून पाऊस थांबत नाही.

एका एजन्सीला विचारलं. २५ टक्के, धुणं आणि दुरुस्ती वेगळी. वर टक्के धरणार पाहुण्याने भरलेल्या पूर्ण रकमेवर, म्हणजे बुकिंग साइट जे कापून घेते त्यावरही आपणच द्यायचे.

माझ्या मनात आहे : महिना ४,००० ठरावीक, वर हातात आलेल्या रकमेच्या १० टक्के. डिसेंबरात १०,२००, जुलैत ४,७००. पेडणे-बारदेशात कोणी असं देतं का? कमी होतंय का? आणि लेखी करावं का? आई म्हणते, घरच्या पोराशी कागद कसला करतेस.

प्रतिसाद : ठरावीक अधिक टक्के हेच बरं. म्हापशाला मी हिशेबाची कामं करतो म्हणून सांगतो, पैसे बँकेतून द्या. घर वर्षभर भाड्याने दिलं असतं तर प्राप्तिकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळाली असती, सांभाळण्याचा खर्च वेगळा दाखवता आला नसता. पाहुण्यांचं उत्पन्न धंद्याचं म्हणून दाखवत असाल तर मात्र हे पैसे खर्चात धरता येतात. कागद एक पानाचा का होईना, कराच. सी फॉर्म चुकला तर विचारणा तुमच्या आईला होणार, त्याला नाही. आणि ताई, सध्या धुण्याचे पैसे कोण देतं?

धागाकर्ती : आत्ताच त्याला फोन केला. चादरी त्याची आई घरी धुते. पहिल्यापासून. आम्ही कधी विचारलंच नाही. आता बुकिंगची यादी काढून चादरी मोजत बसलेय. तिकडे एका जोडीच्या धुण्या-इस्त्रीचे किती घेतात, कोणी सांगाल का?