मदत हवी आहे: फाइल साठवणाऱ्या संकेतस्थळावरील मोफत डाउनलोडची मर्यादा

नमस्कार मंडळी. मी अमळनेरला राहतो. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या (खानदेशातील देवीच्या उत्सवाच्या) वेळी आमच्या आजीने म्हटलेल्या अहिराणी गाण्यांचे ध्वनिमुद्रण सुरतेच्या मामेभावाने एका फाइल साठवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवले असून ते 11 भागांत, एकूण साडेआठ जीबी आहे. मोफत खात्याला एका वेळी एकच भाग मिळतो आणि पुढच्या भागासाठी दोन तास थांबावे लागते. त्यात वीज गेली, की तोच भाग पुन्हा पहिल्यापासून उतरवावा लागतो.

ही मर्यादा बहुधा आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील आपल्या जोडणीच्या क्रमांकावरून) मोजली जाते. मोबाइल नेटवर अनेक ग्राहकांचा बाहेरचा पत्ता एकच असू शकतो, त्यामुळेच कदाचित काहीही न उतरवता मला ‘आपली मर्यादा संपली’ असा संदेश दिसतो. राउटर बंद-चालू करून पत्ता बदलावा, असे एकाने सुचवले. परंतु ते संकेतस्थळाच्या अटींत बसत नसावे, म्हणून मन धजत नाही. ‘प्रीमियम लिंक’ (पैसे भरणाऱ्या खात्यासारखा बिनमर्यादा दुवा) बनवून देतो म्हणणाऱ्या एका पानाने तर आधी नोटिफिकेशनची परवानगी मागितली आणि मग गाण्यांऐवजी भलतीच एक्सई फाइल (संगणकावर चालणारा प्रोग्राम) पुढे केली. ती मी उघडली नाही.

अर्धवट राहिलेले डाउनलोड पुढे चालू ठेवणारा डाउनलोड मॅनेजर मोफत खात्यावर चालतो का? की भावाला हेच भाग गूगल ड्राइव्हच्या 15 जीबी मोफत जागेत ठेवायला सांगणे अधिक सुरक्षित ठरेल? आजी 84 वर्षांची आहे आणि येत्या श्रावणापूर्वी तिला तिचा आवाज ऐकवायचा आहे.