रात्रभराची ग्रुप राइड समुद्रापर्यंत, पाऊस आणि उलटा वारा: काय बदलावं?

प्रश्न – किनारा११०

मंडळी, शनिवारी रात्री १४ जणांची राइड ठरली आहे. ११० किमी, शेवट थेट समुद्रावर. बेत असा होता: रात्री ११ ला निघायचं, ताशी २० चा वेग धरायचा, तासभराचे थांबे, साडेपाचला किनाऱ्यावर. आता अंदाज आला आहे की मध्यरात्रीनंतर सरींवर सरी, वारा समुद्राकडून ताशी २५ किमी, झोत ४० पर्यंत, पहाटे १० अंश. सहा जणांनी रात्री कधी सायकल चालवलेली नाही. निम्म्या सायकलींना रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर घासणारे), टायर २८ पासून ४० मिमीपर्यंत सगळे. शेवटचे ३० किमी सपाट आणि उघडे, झाड नाही की आडोसा नाही.

रद्द करावी का? नाही केली तर सगळ्यांना एकत्र कसं ठेवायचं, आणि सामानात काय वाढवायचं?

वाऱ्याची_दिशा

या आकड्यांवर रद्द करायची गरज नाही, पण वेळापत्रक मात्र पूर्ण बदला.

निरभ्र रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर गार होते आणि मंद वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणून रात्री किनाऱ्याकडे जाताना पाठीशी थोडी मदत मिळते. ढगाळ, वादळी हवेत हे गणित मोडतं. मोठ्या हवामानाचा वारा त्याच्यावर चढतो. म्हणजे तुम्हाला रात्रभर समोरचा वारा धरूनच चालायला हवं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: तुम्ही ताशी १८ ने जात असाल आणि समोरून १८ चा वारा असेल, तर विरोध चौपट. अशा वेळी २० चा सरासरी वेग धरायला गेलात तर नवे लोक अर्ध्यातच रिकामे होतात.

१५ चा वेग धरा. चालण्याचे ७ तास २० मिनिटं. दहा-दहा मिनिटांचे तीन थांबे, मध्ये अर्ध्या तासाचा एक, आणि तीन पंक्चरचे पाऊण तास. झाले ९ तास ५ मिनिटं. साडेनऊला निघालात तर साडेसहाच्या पुढेमागे पोहोचाल. सूर्योदयाचा हट्ट सोडा. एवढे ढग असताना तो दिसणारही नाही, आणि त्याच्यासाठी वेग वाढवायचा मोह फार वाईट.

निर्णय दोनदा घ्या: आदल्या रात्री आणि निघण्याच्या दोन तास आधी. सरासरी वारा ४० च्या वर गेला, झोत ६० ला पोहोचले किंवा विजांचा इशारा आला, तर रद्द. तेव्हा चर्चा नको. हे आकडे आजच सगळ्यांना कळवून टाका. वाटेत अंदाज बघता आला नाही तरी कान उघडे ठेवा: विजेच्या तारा शिट्टी घालू लागल्या की वारा ४० च्या आसपास आला असं समजा. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, तर लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत शिरा. झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

ते उघडे ३० किमी सुरू होण्याआधी एक ठरलेली जागा ठेवा, जिथून घरी परतायला रेल्वे किंवा गाडी मिळते. खरा निर्णय तिथे होईल. आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर त्यात सायकल घालू नका. वाहतं पाणी वीतभर असलं तरी माणसाचे पाय सुटतात, खाली रस्ता उरला आहे की नाही तेही दिसत नाही.

शेवटचा_दिवा

१४ जणांची एकच रांग पावसात टिकत नाही. सात-सातचे दोन गट करा, प्रत्येकात नवे तिघे. प्रत्येक गटाला एक लीड (सगळ्यांत पुढे, वाट दाखवणारा), एक स्वीप (सगळ्यांत मागे राहणारा). स्वीप कधीही कुणाच्या पुढे जात नाही, एवढी एकच शिस्त त्याने पाळली तरी पुरे.

वळणांसाठी कोपऱ्यावर माणूस ठेवा. लीड वळताना त्याच्या लगेच मागच्याला नाव घेऊन सांगतो, "तू थांब." तो रस्त्याच्या कडेला, वळणाच्या अलीकडे दिसेल असा उभा राहतो, हाताने दिशा दाखवतो आणि स्वीप येईपर्यंत हलत नाही. मग स्वीपच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या वळणावर पुढचा माणूस. नाव घेतलं नाही तर दुसरा आणि तिसरा बोलत बोलत दोघेही वळून जातात आणि मागचे सरळ. उभा राहणाऱ्याने पुढचा दिवा खाली वळवावा. येणाऱ्यांच्या डोळ्यांत मारला तर त्यांना त्याचा हातच दिसत नाही.

चालत्या रांगेत रात्री हातवारे दिसत नाहीत, तोंडाने सांगा. शब्द मोजके आणि आधीच ठरलेले: "खड्डा डावीकडे", "मागून गाडी", "हळू", "थांबतोय". वाऱ्याच्या घोंघाटात पुढच्याचा आवाज रांगेच्या शेवटापर्यंत पोहोचत नाही, म्हणून प्रत्येकाने तोच शब्द मागे पुन्हा म्हणायचा. "थांबतोय" हा ब्रेक लावायच्या आधी म्हणायचा, नंतर नाही.

अंतर: कोरड्यात चाकामागे एक मीटरवर बसणारे ओल्यात अडीच-तीन मीटरवर राहू द्या. वाऱ्याचा आडोसा थोडा कमी मिळेल, पण ब्रेकला जागा राहील. वारा तोडायचं काम अनुभवी लोकांनी पाच-पाच मिनिटं आळीपाळीने करायचं. नव्यांना पुढे काढू नका; अंधारात पुढे गेलं की नवा माणूस नकळत वेग वाढवतो. मागचं मडगार्ड नसलेली सायकल रांगेच्या शेवटी. त्याहून बरं म्हणजे सगळ्यांनी मडगार्ड लावा आणि खाली बाटलीच्या प्लास्टिकचा तुकडा दोन झिप-टायनी अडकवा, जमिनीपासून वीतभर वरपर्यंत येईल असा. मागच्याच्या तोंडावर येणारी चिखलाची धार त्यानेच थांबते.

कोरडे_मोजे

वरचं सगळं पटतं, पण अशा राइडमध्ये गट पावसाने मोडत नाही, थांब्याने मोडतो. पेडल मारताना शरीर भरपूर उष्णता तयार करतं. थांबलात की ती बंद, आणि ओले कपडे ती खेचत राहतात. पाणी हवेच्या साधारण २५ पट उष्णता वाहून नेतं. एका पंक्चरसाठी तेरा जण पंधरा मिनिटं पावसात उभे राहिले की तेरा जण गारठतात, आणि पुढचा तास त्यांची बोटं गिअर बदलायलाही वळत नाहीत.

म्हणून पंक्चरला तिघेच थांबा: ज्याची सायकल तो, दिवा धरणारा आणि स्वीप. बाकीच्यांनी पुढच्या ठरलेल्या छताखाली जायचं. अशी छतं आजच नकाशावर शोधा, दर १०-१२ किमीला एक, आणि सगळ्यांना लिहून द्या. "पुढे कुठेतरी थांबू" हे चालणार नाही.

थांब्यावर क्रम असा: आधी जादा थर अंगावर, मग खाणं, मग गप्पा. थंडी वाजू लागल्यावर घातलेलं जॅकेट गेलेली उष्णता परत आणत नाही. दहाव्या मिनिटाला चाकं फिरलीच पाहिजेत.

कपडे: अंगालगत सुती काहीही नको. लोकर किंवा सिंथेटिक ओलं झालं तरी थोडी ऊब धरतं, सूत पाणी धरून बसतं. त्यावर पाऊस अडवणारं जॅकेट, पण चढावर त्याची झिप उघडा, नाहीतर आतून घामानेच भिजाल. पोंचो नको, समोरच्या वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि आडव्या झोतात सायकल ओढली जाते. हेल्मेटखाली छोट्या छज्जाची टोपी घातली की चष्म्यावर थेंब कमी येतात. हातमोज्यांचे दोन जोड; पहिला भिजला की दुसरा अर्ध्या वाटेच्या थांब्यावर. खाली पातळ रबरी मोजे घातले तर वारा बोटांपर्यंत जात नाही. पायमोज्यावर प्लास्टिकची पिशवी आणि मग बूट, हा उपाय महागड्या शू-कव्हरइतकाच चालतो.

आणि एक पूर्ण कोरडा जोड, दुहेरी पिशवीत गाठ मारून, फक्त किनाऱ्यासाठी. त्याला वाटेत हात लावायचा नाही.

खाणं ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. वेष्टनांचे कोपरे घरीच कापून ठेवा, ओल्या हातमोज्यांनी ती फाटत नाहीत आणि मग माणूस खाणंच टाळतो. पावसात तहान जाणवत नाही, तरी ताशी ४००-५०० मिली पाणी जायला हवं.

पॅच_आणि_पंप

पावसात पंक्चर जास्त होतात. पाणी काचा आणि खडी वाहून कडेला आणतं, शिवाय ओलं रबर काच सहज आत घेतं. पॅचवर भिस्त ठेवू नका, सोल्युशन ओल्या ट्यूबवर धरत नाही. प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब. गटात प्रेस्टा (बारीक) आणि श्रेडर (मोटारसायकलसारखा जाड) दोन्ही व्हॉल्व्हना चालणारे किमान दोन हातपंप. टायर फुगवायची गॅसची नळकांडी एकदाच चालते, व्हॉल्व्ह नीट बसला नाही की ती गेली. ती सोबत असू द्या, पण पंपाऐवजी नको.

ट्यूब बदलताना घाई केली की त्याच चाकात दुसरं पंक्चर ठरलेलं. टायरवरचं नाव घरीच व्हॉल्व्हपाशी येईल असं बसवून घ्या. मग ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून जितकं लांब, टायरवर तितक्याच अंतरावर दोन्ही बाजूंना शोधायचं. पावसाच्या आवाजात फुसफुस ऐकू येत नाही. ट्यूब ओठांजवळून फिरवा, हवा लागते. टायरच्या आत बोट घालू नका. गारठलेल्या बोटाला तार कळत नाही, कापल्यावर कळतं. सुती कापडाचा बोळा फिरवा, अडकेल तिथे काच. त्याच कापडाने रिममधलं पाणी आणि वाळू पुसा, वाळूचा एक कण ट्यूबला घासत राहतो. नव्या ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरा, टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून चढवत आणा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकला, दोन्ही कडांवर ट्यूब चिमटली नाही ना ते दिव्याने बघा, आणि तेव्हाच पूर्ण हवा.

टायरमध्ये रोजच्यापेक्षा ५ ते ८ पीएसआय कमी ठेवा. त्याहून खाली नको. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही आणि रिम आपटून ट्यूब चिमटते.

रिम ब्रेकवाल्यांनी पॅडमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे कण टाचणीने काढावेत. ओल्यात चाकाची पहिली फेरी पाणी पुसण्यातच जाते, म्हणून उतार सुरू होताच हलका ब्रेक लावून रिम पुसत राहा. डिस्कवाल्यांनी पॅडची जाडी बघा: रेझिन पॅड ओल्या वाळूत झपाट्याने झिजतात, मिलिमीटरभरच उरले असतील तर निघण्याआधी बदला. चेनला ओल्या हवेचं तेल, प्रत्येक रोलरला एक थेंब, आदल्या रात्री. सकाळी बाहेरून कोरडं पुसून घ्या. छोटी बाटली सोबत ठेवा, चार तासांच्या पावसात तेल धुऊन जातं आणि चेन किरकिर करू लागते.

किनारा११०

खूप आभार. वेळ साडेनऊ केली, छतांची यादी करतो. दोन शंका राहिल्या. मागचे दिवे लुकलुकते ठेवावेत की स्थिर? आणि एखाद्याला परत पाठवायचं हे कशावरून ओळखायचं? सगळे "मी ठीक आहे" असंच म्हणतात.

शेवटचा_दिवा

गटाच्या आत स्थिर, आणि किंचित खाली वळवलेले. लुकलुकत्या दिव्यामागे तासभर चाललं की अंतराचा अंदाज बिघडतो. लुकलुकता फक्त स्वीपचा, तोही दुसरा दिवा म्हणून, पहिला स्थिरच. प्रत्येकाला मागे दोन दिवे हवेत, एक बंद पडला तर मालकाला कळत नाही. पुढचा ३००-४०० लुमेनचा रात्रभर पुरेल का ते घरी लावून ठेवून बघा. पावसात चार्जिंगची वायर जोडू नका, पोर्टमध्ये पाणी गेलं की दिवाही गेला. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून दिव्यात साधारण ६,००० च जातात, हिशेब त्यावर करा. फोनच्या ओल्या काचेवर बोट चालत नाही, तेव्हा वळणांची यादी कागदावर आणि पिशवीत.

कोरडे_मोजे

"ठीक आहेस का" हे विचारूच नका, काम सांगा. "बाटलीचं झाकण उघड", "हेल्मेटचा पट्टा सोडून लाव", "पुढच्या थांब्याचं नाव सांग." बोटं अडखळली, शब्द जड झाले, उतरताना तोल गेला किंवा माणूस एकाएकी गप्प, चिडचिडा झाला, तर त्याची राइड तिथे संपली. कुडकुडणं थांबलं पण माणूस सुस्त आहे, ही सुधारणा नव्हे, धोका आहे, मदत बोलवा. तोवर आडोसा, ओले कपडे काढून कोरडे, फॉइलचं पांघरूण, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय. दारू नको, हातपाय चोळायचे नाहीत. प्रत्येक गटात दोन फॉइल असू द्या, मुठीत मावतात.

पहाटे ३ ते ५ झोप सगळ्यांनाच येते. चाक रेषेवरून भरकटू लागलं की छताखाली १५-२० मिनिटांची डुलकी. त्याआधी कॉफी घेतली तर ती उठायच्या वेळेला लागू पडते.

वाऱ्याची_दिशा

पोहोचल्यावरचंही आजच ठरवा. आधी कोरडे कपडे, मग फोटो. रात्रभर जागून, गारठून खवळलेल्या समुद्रात उतरायचं नाही, गुडघाभरसुद्धा नाही. परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा. झोपेत सायकल चालवत परत येणं वारा पाठीशी असला तरी नको.

सायकल वाळूत नेऊ नका. घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा, हबवर (चाकाच्या मध्यावर) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलांच्या मधल्या आसावर) जोराचा फवारा मारू नका, ग्रीसमध्ये मीठ आणि वाळू शिरते. निघण्याआधी सीटपोस्टच्या उंचीवर टेप लावून खूण करा. धुतल्यावर सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा, फ्रेममध्ये साचलेलं पाणी तिथूनच बाहेर येतं.