मदत हवी आहे : पऱ्हाटी संपल्यावर चुलीच्या सरपणाची सोय कशी करावी?

आमचे गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात आहे. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उपटून त्यांची गंजी घरामागे रचायची आणि तिच्यावर पावसाळा काढायचा, अशी आमच्याकडे रीत होती. परंतु गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या कवडी (नीट न उमललेल्या, किडक्या) बोंडांत सुप्तावस्थेत तग धरते, म्हणून पऱ्हाटी साठवू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असल्याने आम्ही ती यंत्राने बारीक करून शेतातच मिसळतो. जमिनीसाठी ते चांगलेच आहे. चूल मात्र उपाशी राहिली. केळीच्या खांबांत पाणीच फार, तुराट्या भुरकन जळून जातात आणि दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांना पावसात ओल लागली की नुसता धूर होतो. बांधावरच्या बाभळी केव्हाच तुटल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना जंगलातली मोळी तरी मिळते, पण तिथल्या बायाबापड्यांची पायपीट पाहता त्यांचा हेवा वाटावा असे त्यात काही नाही.

घरात उज्ज्वला योजनेची जोडणी आहे. तरीही 14.2 किलोचे सिलिंडर पुरवून वापरायचे म्हणून त्यावर चहा आणि भाजीच होते. भाकरी, गुरांचे आंबोण आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच असते. सर्वांत जास्त सरपण पाणी तापवण्यातच जाते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावर मांडे करायचे तर लाकूड लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही.

आता गोबरगॅसचा विचार चालू आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागते. आमच्याकडे एक बैलजोडी आणि एक म्हैस असल्याने तेवढे शेण निघत नाही. एक घनमीटरचे संयंत्र मात्र चालू शकेल. त्यातून निघणारी मळी शेताला खत म्हणून उपयोगी पडते, हे मला पटते. आईचे म्हणणे असे की सगळे शेण टाकीत गेले तर गोवऱ्या कशाच्या थापायच्या, आणि थंडीत गॅस कमी झाला तर तेव्हा काय जाळायचे? तिची शंका मला रास्त वाटते.

जळगाव-धुळ्याकडे कोणी एवढे लहान संयंत्र वापरत असल्यास पाच माणसांच्या दोन्ही वेळच्या भाकरी त्यावर होतात का आणि पौष-माघात गॅस कितपत उतरतो, हे कृपया सांगावे. तसेच कवडी बोंडे झाडून जाळून टाकल्यावर थोडी पऱ्हाटी ताडपत्रीखाली ठेवली तर बोंडअळीचा धोका खरोखर टळतो का, याबद्दल जाणकारांनी लिहावे. बांधावर सुबाभूळ लावण्याचाही विचार आहे; तिची सावली आणि मुळे शेजारच्या केळीला कितपत बाधतात?