काल्याच्या पंगतीत चंदेरी पत्रावळ्या पाहिजेच काऊन?

रोडगेवाला (धागा काढणारा):
परवा आमच्या गावात सप्त्याचा काला झाला, रोडगे न वांग्याची भाजी, अख्खं गाव जेवलं. सकाळी देवळामागं गेलो त आमची कपिली उष्ट्याच्या ढिगात तोंड घालून चंदेरी पत्रावळ चघळत होती, अर्धी तोंडाबाहेर लोंबत होती, ओढली त पुठ्ठा हातात आला न वरची पन्नी आतच राहिली. पोटात गेलेली पन्नी रवंथ करून बाहेर येत नाही भाऊ, आत गोळा होते न जनावर चारा सोडते. माझा राग बनवणाऱ्यावर आहे. कागदावर प्लॅस्टिक असं चिकटवलं का ते ना रद्दीवाला घेत ना माती खात. जेवण दहा मिनिटाचं, त्याच्यापुढं त्या पत्रावळीचं काय होईन याचा विचारच नाही, आन् आमच्या गावात घंटागाडी येतच नाही.

केटरिंगवाला:
मी 15 वर्षं पंगती उठवतो. पळसाच्या पत्रावळीत पातळ वरण वाढून पाहा, काडीच्या छेदातून पाव्हण्याच्या मांडीवर येते. स्टीलची ताटं म्हणसान त मे महिन्यात गाव टँकरवर, हजार ताटं कायनं धुवू? वाढपी भेटत नाही तिथं भांडे घासाले कोण येईन. लोकायले स्वस्त न फटकन आवरणारं पाहिजे, मी तेच आणतो.

बचतगटातली:
दादा गळते ते खरं, पण वाळकं पान तसंच टाचलं म्हणून फाटते. टाचायच्या आधी पाणी शिंपडून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा, मऊ पडते. आम्ही दोन थर लावून गरम साच्यात दाबतो, कडा वर येते न वरण राहते. काही जण मधात पन्नी घालतात, मग पळसाचं पान असून फायदा काय, तीही गाईच्याच पोटात जाते.

शाळामास्तर:
थर्माकोलची ताटं आपल्या राज्यात 2018 लाच बंद झाली, 1 जुलै 2022 पासून प्लॅस्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे देशभर बंद. मग कागदी कप आले, पण त्यालेही आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतेच. खरगपूरच्या आयआयटीनं 2020 मधे सांगितलं, 100 मिली गरम पाणी 15 मिनिटं ठेवलं त सुमारे 25,000 बारीक कण सुटतात. आपण तेरवीत म्हाताऱ्यायले त्याच्यातच चहा देतो, याचं मले लय वाईट वाटते.

रोडगेवाला:
काल्याले तरी आपापलं ताट न गिलास घरून आणावं, माझ्या लहानपणी असंच होतं, ज्याचं त्यानं घरी नेऊन घासायचं, टँकरचा प्रश्नच नाही.

केटरिंगवाला:
काल्यात चालते, गावचेच लोकं. लग्नातल्या वऱ्हाडाले ताट घेऊन या म्हणसान का? पोरीच्या बापाची इज्जत जाते. ताई, 600 पानांची तेरवी आहे, दोन थराच्या पत्रावळ्या किती दिवस आधी सांगाव्या लागतीन? वरण टाकून पाहीन आधी, मगच घेईन.

बचतगटातली:
आठ दिवस आधी सांगा. द्रोण किती पाहिजे तेही सांगा.