मदत हवी आहे: दयारा बुग्यालला स्कीवर जाऊन बर्फात दोन रात्री मुक्काम, साताऱ्यात बसून काय काय तयारी करता येईल?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघे आहोत, दोघे साताऱ्याचे, एक सांगलीचा. फेब्रुवारीच्या शेवटी उत्तरकाशीजवळ दयारा बुग्यालला (बुग्याल म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कुरण) जायचा बेत आहे. रैथल गावातून स्कीवर चढत गोईला पहिला मुक्काम, दुसरा वर बुग्यालच्या कडेला, झाडी संपते तिथे. दोन्ही रात्री बर्फात तंबू. तिघांचाही औलीचा स्की कोर्स झालाय, मी नेहरू पर्वतारोहण संस्थेचा बेसिकही केलाय, आणि गावातलाच एक गाइड बरोबर असणार आहे.

अडचण रात्रीची आहे. औलीला दिवसभर स्की करायची आणि संध्याकाळी खोलीत जाऊन रजईत शिरायचं, असं होतं. चंदन-वंदन, कल्याणगडावर मुक्काम केलेत, पण आपल्याकडे वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी पेपरात फोटो येतो. भर हिवाळ्यात उणे दहाची रात्र आमच्यापैकी कोणी बर्फावर काढलेली नाही. म्हणून जे इथे पक्कं करता येईल ते इथेच उरकायचं ठरवलंय. पायांचं चालू आहे, पाठीवर वजन घेऊन यवतेश्वरचा घाट चढतो. बाकीच्यासाठी अनुभवी लोकांची मदत हवी आहे.

सगळ्यात मोठा प्रश्न स्टोव्हचा. वर वाहतं पाणी मिळेलच असं नाही, बर्फ वितळवूनच प्यायचं, म्हणजे स्टोव्ह बंद पडला की पाणी बंद. आमच्याकडे गॅसच्या डब्यावर चालणारा आहे. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश, आयसोब्यूटेनचा साधारण उणे बारा. त्याखाली गॅस डब्यात द्रवच राहतो. मिश्रणात प्रोपेन असतं, ते उणे बेचाळीसपर्यंत चालतं, पण तेच आधी संपतं आणि डबा अर्धा झाल्यावर ज्योत मरते. म्हणजे पंपाचा, द्रव इंधनाचा स्टोव्ह घ्यावा लागणार. इंधन ना विमानात नेता येतं, ना गोवा एक्स्प्रेसमध्ये. डेहराडून किंवा उत्तरकाशीत स्वच्छ इंधन मिळतं का? रॉकेलवर कोणी चालवलाय का, नोझल किती वेळा तुंबतं?

दुसरं, झोपायचं. खाली फोमची मॅट, वर हवेची, दोन्हींची आर व्हॅल्यू (जमिनीची थंडी अडवण्याचा आकडा) मिळून साडेपाच होते. पुरेल का? स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात, कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते तापमान) आणि लिमिट (जेमतेम निभावेल ते). दुकानदार लिमिटचाच आकडा सांगतात. आम्ही कम्फर्ट उणे बारावाली बघतोय.

तासगावकडे ओळखीच्या एकांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथे एक रात्र झोपून बॅगा तपासाव्यात असं सांगलीकर मित्राचं म्हणणं आहे. उपयोग होईल का?

आणि हिमप्रपात. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का दांडा या शिखरावर हिमप्रपातात जे गेले ते मी बेसिक केला त्याच नेहरू संस्थेचे प्रशिक्षणार्थी होते, तेव्हापासून हा विषय मला नुसता पुस्तकातला राहिलेला नाही. घरच्यांनाही मी काहीतरी ठोस सांगायला हवं. ३० ते ४५ अंशांचे उतार टाळायचे हे माहीत आहे, डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचं हिमप्रपाताच्या धोक्याचं बुलेटिन रोज बघणार आहोत. बीकन (गाडलेल्याला शोधायला अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं भाड्याने कुठे मिळतं?


प्रतिसाद (मिरजेहून)

कोल्ड स्टोरेजबद्दल आधी. बेदाणा चार-पाच अंशांत ठेवतात, त्यात बॅगेची परीक्षा होणार नाही. हाताची परीक्षा घ्या. आइस्क्रीमच्या गोदामात उणे अठराच्या आसपास असतं, मालक तयार असतील तर तिथे अर्धा तास जा. हातमोजे न काढता तंबूचे पोल जोडा, बूट बाइंडिंगमध्ये (स्कीवरच्या पकडीत) बसवा, स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीखाली लावायची पट्टी) स्कीला चिकटवा आणि काढा. बर्फात रात्र बिघडते ती अशाच कामांत. एक मिनिट हातमोजे काढले की बोटं बधिर, मग झिप लागत नाही, मग सगळंच लांबतं. एक जण दाराबाहेर थांबलाच पाहिजे, आणि स्टोव्ह आत अजिबात पेटवायचा नाही. तंबूतही हाच नियम, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दार उघडं ठेवून पडवीत शिजवा.

रॉकेल चालतं, पण तापवताना काजळी धरते आणि नोझल साफ करायची सुई खिशात लागते. अंधारात पाच मिनिटांत नोझल उघडून साफ करता आलं पाहिजे, हे घरी गच्चीवर करून बघा. बर्फ वितळवताना भांड्याच्या तळाशी आधी थोडं पाणी घाला. नुसता भुसभुशीत बर्फ टाकला तर भांडं करपतं आणि पाण्याला तो वास दिवसभर राहतो. स्टोव्हखाली छोटी फळी ठेवा, नाहीतर तो स्वतःच्याच उष्णतेने खाली जातो.

तंबू लगेच ठोकू नका. स्की पायात असतानाच जागा तुडवा, मग बुटांनी तुडवा, आणि अर्धा तास सोडा. बर्फ घट्ट धरतो. नंतर खड्डे पडले तर रात्रभर त्याच खड्ड्यात. मेखा उभ्या धरत नाहीत, दोरी बांधून आडव्या पुरा. बुटांचे आतले लायनर आणि स्किन स्लीपिंग बॅगेत घ्या, कारण थंड स्किनचा गोंद सकाळी चिकटत नाही. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, मग तोंड मोकळं राहतं. मॅटची साडेपाच आर व्हॅल्यू पुरेल. झोपण्याआधी तूप-गूळ किंवा कंदी पेढे खा, पोटात काहीतरी जळत असलं की झोप लागते.

हिमप्रपाताबद्दल एकच सांगतो. तुम्ही उभे आहात तो उतार सौम्य आहे एवढ्यावर जाऊ नका, डोक्यावर कोणता उतार आहे ते बघा. तंबूची जागाही तशीच निवडा. ताजा बर्फ पडला तर एक-दोन दिवस रैथललाच थांबायचं, हे निघायच्या आधी तिघांनी आणि गाइडने कबूल करा, वर गेल्यावर वाद नको. आणि बीकन गाइडकडेही हवा. त्याच्यावर बर्फ आला तर त्याला शोधणार कोण?

सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर परवानगीशिवाय नेऊ नका, आपल्याकडे तो गुन्हा आहे. गावात एका माणसाला परतीची वेळ लिहून द्या, ती उलटली तर त्याने कोणाला फोन करायचा तेही लिहा.


धागाकर्ता

खूप आभार. गाइडच्या बीकनचं आम्ही धरलंच नव्हतं, आता चार हवेत. आइस्क्रीमच्या गोदामासाठी साताऱ्यातच विचारतो. परतीच्या वेळेचा कागद घरीही एक ठेवणार आहे.

बीकन मिळाले की मैदानावर गवतात एक पुरून रोज संध्याकाळी शोधायचा सराव करायचाय. गाडला गेलेला माणूस पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर निघाला तरच खरी आशा असते, त्यात खणण्याचाही वेळ आला. पुणे, सातारा, कोल्हापूर भागात कोणाकडे तीन अँटेनाचे, ४५७ किलोहर्ट्झवाले डिजिटल बीकन असतील तर महिनाभरासाठी भाड्याने किंवा अनामत ठेवून चालतील. जानेवारीत मिळाले तर सराव नीट होईल. कृपया इथेच कळवा.