प्रत्यक्ष ऐकलेली मैफल आणि तिची जागा : गोव्यातील अनुभव

पणजी (सुरुवात)

कांपालला मांडवीच्या काठी कला अकादमीची वास्तू आहे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही इमारत १९८३ साली पूर्ण झाली. तिच्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी सज्जांत बसलेले प्रेक्षक रंगवले आहेत. आपण कितीही लवकर गेलो तरी ती मंडळी आपल्या आधी जागा धरून बसलेली असतात, आणि शाळकरी वयात मला त्यांचा फार धीर वाटत असे. केरीच्या केसरबाई केरकर यांच्या नावाने भरणाऱ्या संगीत समारोहाला वडील मला तिथे घेऊन गेले, आणि तानपुरे जुळत असतानाची ती शांतता मी प्रथम तिथेच अनुभवली. दुरुस्तीसाठी ही वास्तू बंद होती त्या काळात आम्ही इतरत्र पुष्कळ ऐकले. परंतु तेच गाणे दुसऱ्या जागेत वेगळे का वाटते, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. म्हणून ही विनंती : कोणाचे गाणे होते यापेक्षा ते कुठे, किती वाजता आणि कशा परिस्थितीत ऐकले किंवा सादर केले, हे प्रत्येकाने सविस्तर लिहावे.

फोंडा (तबल्याची साथ करतो)

आमच्या तालुक्यात दोन टोकांच्या जागा आहेत आणि माझी हातोडी दोन्हीकडे फिरलेली आहे. एक राजीव गांधी कला मंदिरासारखे वातानुकूलित नाट्यगृह आणि दुसरा देवळापुढचा मांडव. वातानुकूलित सभागृहातील कोरड्या हवेत चामडे ताणले जाते आणि तबला चढतो. बाहेरच्या दमट हवेत जुळवलेला तबला घेऊन रंगमंचावर गेलो, तर विलंबित ख्याल मध्यावर येईपर्यंत तो गायकाच्या षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, वर सरकलेला असतो. मांडवात याच्या नेमके उलटे होते. माघातल्या जत्रेत रात्री दव पडू लागले की गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, कितीही ठोकले तरी तबला उतरतच जातो.

एकदा अशाच मांडवात एका बुजुर्ग गायकांची साथ करत होतो. तिसऱ्या पदाला माझा तबला इतका उतरला की दोन पदांमध्ये वादीखालचे सगळे गट्टे (लाकडी ठोकळे) खाली ठोकूनही स्वर मिळेना. बुवांनी मागे वळून पाहिले, पेटीवाल्याला थांबवले आणि समोरच्या मंडळींना शांतपणे सांगितले, "तबला लागेपर्यंत आपण सगळे थांबूया." कोणी कुरकुरले नाही. शेजारी आरतीसाठी घुमट, म्हणजे चामडे लावलेले मातीचे वाद्य, घेऊन आलेल्यांनी चामडे शेकण्यासाठी निखारे ठेवले होते. त्यांतल्या एका आजोबांनी माझा तबला अलगद त्या उबेवर धरला, दर थोड्या वेळाने पुडीवर बोट वाजवून पाहिले आणि पेटीच्या 'पांढरी एक' या पट्टीच्या सुराजवळ येताच माझ्या हाती दिला. घुमटाला २०१९ साली राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, तेव्हा मला प्रथम त्या आजोबांचे बोट आठवले. तेव्हापासून मी कार्यक्रमाच्या दोन तास आधी तबला त्या जागेच्या हवेत उघडा ठेवतो आणि नंतरच जुळवतो. नव्या साथीदारांनाही माझे हेच सांगणे आहे.

म्हापसा (ध्वनियंत्रणेचे काम करतो)

खास परवानगीचे मोजके दिवस सोडले तर उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री दहानंतर लावता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते स्पष्ट आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बंदिस्त सभागृहातील आतल्या ध्वनीला दहाची ही अट लागू होत नाही. किनाऱ्यावरच्या कार्यक्रमांत मी हा नियम मोडला जाताना पाहिला आहे, आणि शेजारच्या घरात आजारी माणूस असताना तो मोडणे मला कधीच पटले नाही. परंतु याच नियमामुळे रात्रभराची उघड्यावरची मैफल संपली आणि दरबारी, मालकंस हे उत्तररात्रीकडे झुकणाऱ्या वेळेचे राग आता आठ वाजता उरकावे लागतात, याचे दुःखही तितकेच खरे आहे. यावर तोडगा म्हणून मी दोन प्रचंड ध्वनिवर्धकांऐवजी श्रोत्यांच्या रांगांमध्ये लहान लहान सहा ठेवतो. प्रत्येकाचा आवाज कमी असतो, शेवटच्या रांगेला शब्द स्पष्ट कळतो आणि कुंपणापलीकडे त्रास होत नाही.

जुने गोवे

कापेला दो मोंत या जुन्या चर्चच्या टेकडीवरील संगीत महोत्सवाबद्दल थोडेसेच लिहितो. कापेलाच्या पायऱ्यांवर बसलो की समोर मांडवी आणि दिवाडी बेट दिसते, आणि सूर्य मावळत असताना त्याच व्यासपीठावर कधी फादो हे पोर्तुगीज गाणे, कधी सतार ऐकायला मिळते. मारवा हा सूर्यास्ताचा राग योग्य वेळी आणि उघड्या आकाशाखाली मी फक्त तिथेच ऐकला आहे.

कुडचडे

मी गेली कित्येक वर्षे मडगावच्या रवींद्र भवनात गाणे ऐकायला जाते, आणि एकाही मैफलीतली शेवटची भैरवी मी पूर्ण ऐकलेली नाही. कारण अगदी साधे आहे : आमच्याकडे येणारी शेवटची बस. निमंत्रण पत्रिकेवर सहाची वेळ छापलेली असते, पाहुणे सात वाजता येतात, सत्कार आणि भाषणे पावणेआठपर्यंत चालतात, आणि गायक खऱ्या अर्थाने रंगू लागतात तेव्हा मला मागच्या दाराने बाहेर पडावे लागते. एका आयोजकांना मी पत्र लिहून कळवले होते, त्याचे उत्तर आले नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना ही अडचण समजत नाही, पण साथीदारांपैकीही अनेकांना याच बसने घरी जायचे असते. आयोजकांनी भाषणे शेवटी ठेवावीत. ज्यांना ती ऐकायची आहेत ते थांबतील.

यंदा श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाला गेले. तिथे चोवीस तास भजन अखंड चालते आणि रात्री वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे गात येणाऱ्या मिरवणुका, येतात, त्यांत उत्तम गाणे होते. बसचा विचारच करायचा नव्हता. देवळाच्या खांबाला टेकून बसले होते. पहाटे एका तरुण मुलीने भैरवीत अभंग घेतला, तिच्या आईने शेजारी बसून झांज धरली होती, आणि तो अभंग मी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकला. त्यानंतर सकाळच्या कुळेला जाणाऱ्या रेल्वेगाडीने घरी आले.