मदत हवी आहे: दहा वर्षांच्या मुलाची आधी झोप सुधारू की जेवण?

नमस्कार. धागा जरा लांबणार आहे. अर्धवट लिहिलं की प्रतिसादांत आधी वीस प्रश्न येतात, म्हणून सगळंच एकदम लिहिते.

लेक दहा वर्षांचा, यंदा पाचवीत. आम्ही धायरीत राहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय काढला, त्यामुळे मागची दोन वर्षं आमची सकाळ माणसांसारखी होती. पाचवीत गेला आणि शाळा सात दहाची झाली. व्हॅनकाका सहा वीसला खाली हॉर्न वाजवतात, म्हणजे साडेपाचला उठणं आलं. उठतो कसला, मीच त्याला पलंगावरून मोरीपर्यंत ढकलत नेते.

दिवस असा जातो. सकाळी अर्धा कप दूध, तेही नाक मुरडत. साडेनऊच्या सुट्टीतला डबा जवळपास तसाच परत. पोळीचा एक कोपरा कुरतडलेला. सव्वा वाजता घरी आला की भाताचा डोंगर खातो आणि अडीच ते पाच गाढ झोपतो. पाचला उठला की सासूबाईंबरोबर चहा-खारी. खारी एक नाही, चार-पाच. सहा ते सात क्लास, मग खाली खेळणं. नवरा हिंजवडीहून यायला नऊ वाजतात आणि रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र हा आमच्या घरचा नियम, त्यामुळे पानं साडेनऊला. त्यानंतर हा टक्क जागा. झोप लागते सव्वाअकराला.

दहा दिवस वहीत नोंदी केल्या. रात्रीची झोप सरासरी सव्वासहा तास, दुपारची अडीच. मिळून पावणेनऊ होतात, मग तक्रार कशाची, असं नवऱ्याचं म्हणणं. पण पोरगं सारखं चिडचिडं, सकाळी डोळ्यांत झोप, आणि बाईंनी वहीत "वर्गात लक्ष नसते" लिहून पाठवलंय. दहापैकी एकाच दिवशी नवरा बाहेरगावी होता. त्या रात्री आम्ही पावणेआठला जेवलो, हा दहाला झोपला आणि सकाळी स्वतःहून पोहे मागितले! अर्धा डबाही संपला होता. एका दिवसावरून काही ठरवू नये हे कळतं, पण तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे.

तर, ही गाठ कुठून सोडवायला घेऊ? दुपारची झोप बंद करू की रात्रीचं जेवण अलीकडे आणू? झोपताना दूध-केळं देऊन फरक पडतो का? एका ओळखीच्या बाईंनी मेलाटोनिनच्या (झोपेच्या हार्मोनच्या) गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, सुचवल्यात, त्या द्यायला मन धजत नाही.

नारायणपेठी
दुपारी झोपू नका असं पुणेकराला सांगायचं म्हणजे कठीणच! गमतीचा भाग सोडा. रविवारी किती वाजता उठतो? ते लिहायचं राहिलं.

धागाकर्ती
रविवारी साडेनऊ, कधी दहा. बिचारा आठवडाभराचं भरून काढतो असं वाटतं, म्हणून उठवत नाही.

दोन_डबेवाली
अगं, मधली सुट्टी किती मिनिटांची आहे ते आधी विचार. माझ्या मुलाला पंधरा मिनिटं मिळायची. त्यात हात धुवायला रांग, मग मैदानावर पळणं. पोळी-भाजी वेगवेगळी खायला वेळच नाही! मी पोळीची सुरळी, छोटी थालीपीठं, धिरडी, शेंगदाण्याचा लाडू असं हातात धरून खाता येईल ते द्यायला लागले. सगळा नाही, पण बराच डबा संपायला लागला. साखरही कमी कर, संध्याकाळी गोड खाल्लं की मुलं चेकाळतात.

पेडर_डॉक्टर
बालरोगतज्ज्ञ आहे, पण इथे मूल तपासता येत नाही. त्यामुळे हे वाचून तुमच्या डॉक्टरांकडे जाच.

झोपेचे तास: ६ ते १२ वयाला चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी, दुपारची धरून. म्हणजे तुमचे पावणेनऊ काठावरही बसत नाहीत. त्यात ती झोप दोन तुकड्यांत आहे. दिवसभर जागं राहिल्यावर झोपेची जी ओढ साठते, ती तो पाचपर्यंत झोपून खर्च करून टाकतो. मग दहाला झोप येणार कुठून? दुपारची झोप एकदम बंद करू नका, तो कोलमडेल. तीनच्या आत, अर्धा-पाऊण तास, गजर लावून.

चहा: मोठ्या माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायलाही साधारण पाच तास लागतात. पाचचा चहा दहालाही अर्धा शिल्लक असतो. त्याचं वजन आणि आजीचा कडक चहा, दोन्ही लक्षात घ्या.

खारीचं: २००४ मध्ये शिकागोत बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं होतं. पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक जागवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि ओढ वाढली ती गोड, खारट आणि पिठाच्या पदार्थांची. ते प्रौढ होते, आकडे मुलाला जसेच्या तसे लावू नका. पण अपुऱ्या झोपेचं पोरगं खारीचा पुडा का रिकामा करतं, याचा अंदाज येतो. तो हावरट नाही.

साखरेने मुलं चेकाळतात हे मात्र खरं नाही. १९९५ मध्ये त्यावरचे प्रयोग एकत्र करून पाहिले गेले, वागण्यात फरक सापडला नाही. दातांसाठी कमी करा. चॉकलेटची गोष्ट वेगळी, त्यात थोडं कॅफिन असतं.

दूध-केळ्याने झोप येते यावर फार भिस्त ठेवू नका. भूक लागली असेल तर द्या. गमी स्वतःच्या मनाने अजिबात नको. रविवारी दहापर्यंत झोपला की शरीराचं घड्याळ मागे सरकतं आणि रविवारची रात्र हमखास बिघडते. रोजच्यापेक्षा तास-दीड तास जास्त, इतपत ठीक.

दोन प्रश्न. घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का? आणि रात्री पाय?

धागाकर्ती
घोरतो फक्त सर्दी झाली की. पायाचं कसं ओळखलंत? रोज रात्री "आई, पाय चोळून दे" म्हणतो, पाय झाडत राहतो. वाढीचं वय म्हणून मी तेल लावून देते.

पेडर_डॉक्टर
असू शकतं तसंही. पण लोहाचा साठा कमी असला तरी पाय असे स्वस्थ बसत नाहीत. डॉक्टरांना फेरिटिनबद्दल, म्हणजे लोहाचा साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीबद्दल विचारा. नुसतं हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून साठा ठीक असतो असं नाही. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. वरणावर, पालेभाजीवर लिंबू पिळा.

आणि हिशोब करा: साडेपाचला उठायचं तर नऊला झोपायला हवं. म्हणजे जेवण साडेसातच्या आत.

धागाकर्ती
म्हणजे बाबा घरी येणार तेव्हा हा झोपलेला! नवऱ्याला हे सांगणंच अवघड आहे. आत्ता दिवसभरात तेवढीच त्यांची भेट.

दोन_डबेवाली
मग भेट सकाळी हलव ना. उठवायचं काम बाबांकडे दे. साडेपाच ते सहा वीस दोघं स्वयंपाकघरात, बाबांचा चहा, त्याचं दूध आणि खायला काहीतरी. एकत्र जेवण रात्रीचंच असलं पाहिजे असं कुठे आहे? शनिवार-रविवारी रात्री बसा सगळे.

नारायणपेठी
+१. शिवाय नवरोबांना साडेपाचला उठवलं की तेही रात्री वेळेवर झोपतील. अवांतर: आजींचा चहा तोडणार कोण, हा खरा प्रश्न.

धागाकर्ती (चार आठवड्यांनी)
उशीर झाला, माफ करा. सगळं एकदम बदललं नाही. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे असं करत आणलं. आता सव्वासातला वरणभात-भाजी, सव्वानऊच्या आसपास झोप. दुपारी चाळीस मिनिटं. बेरीज नऊ तासांना पाच मिनिटं कमी, तेवढ्यावर सध्या समाधान.

चहावरून पहिला आठवडा घरात अबोला होता. "एवढ्याशा चहाने काय होतंय, तुमचे नवरे याच चहावर वाढले." शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला: त्यांचा चहा चार वाजता, हा खाली खेळायला गेल्यावर, आणि पाचला दोघांना नाचणीची आंबील. खारी आहेच, पण दोन.

सकाळी बाप-लेक अंडं नाहीतर मेतकूट-भात खातात. स्वयंपाकघराची अवस्था मी लिहीत नाही. डबा आठवड्यात तीनदा रिकामा येतो. भेंडी असली की अजूनही परत.

फेरिटिन खरंच कमी निघालं. हिमोग्लोबिन ठीक होतं! डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलंय, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे. पाय चोळणं अजून सुरू आहे, आधीपेक्षा कमी. बाईंची नवी चिठ्ठी आलेली नाही, ती मी चांगली खूण धरते.

नवरा मात्र रात्री एकटाच जेवताना उदास दिसतो. मी थांबते त्याच्याबरोबर, पण ते तसं नाही म्हणतो.

दोन_डबेवाली
औषध पातळ असेल तर स्ट्रॉने दे आणि नंतर चूळ भरायला लाव, नाहीतर दात काळे दिसायला लागतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.